‘आपण’ आणि ‘माझी टीम’ : फँटसी क्रिकेटविषयीच्या नापसंतीचा भाषिक विचार

१

मराठी भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वगळतो. ‘आपण’ म्हणताना त्यास सामावून घेतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ या दोन वाक्यांत दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याच्या दृष्टीने किती अंतर आहे, हे कोणाही मराठी माणसास समजावून द्यावे लागत नाही. संस्कृतात हा भेद नाही, इंग्रजीत नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. द्राविड भाषांत तो आहे, गुजरातीत आहे. आणि द्राविड भाषांच्या दीर्घ सान्निध्यातून तो मराठीस लाभला असावा, असे मत भाषाभ्यासकांनी मांडले आहे.

जालना जिल्ह्याच्या बोलीकडे पाहिले तर हा जिल्हा भाषिक सीमेवरचा आहे. भोकरदन-जाफराबादकडील बोली बुलढाण्याच्या बोलीस लागून आहे, तर परतूर-मंठ्याकडील बोली परभणीच्या बोलीस. क्रियापदांच्या रूपांत या दोन टोकांमध्ये फरक पडतो. परंतु ‘आपण’ अथवा ‘आपुन’ हे सर्वसमावेशक रूप दोन्हीकडे ठाम आहे. क्रिकेटचा सामना चालू असता चहाच्या टपरीवर जे बोलले जाते, त्यात हेच रूप ऐकू येते : ‘आपण जिंकलो’, ‘आपली दुसरी विकेट पडली’, ‘आपल्याला अजून चाळीस पाहिजेत’. भारताच्या विजयासंबंधी ‘आम्ही जिंकलो’ असे त्या टपरीवर कोणी म्हणत नाही. अंबडचा मुलगा शेजारच्या तालुक्यात सामना खेळून आला आणि तेथे नसलेल्यांस बातमी सांगू लागला, तर तो ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो. कारण तेथे खेळणारे निराळे आणि ऐकणारे निराळे. भारताच्या सामन्यात मात्र बोलणाराही खेळला नाही आणि ऐकणाराही नाही. तरीही दोघे, मैदानावरील अकरा जणांसह, एका सर्वनामात मावतात. क्रीडाप्रेम म्हणून जे काही म्हटले जाते, त्याचे सर्वांत लहान आणि सर्वांत विश्वसनीय लक्षण हे सर्वनाम आहे.

गेल्या दशकात त्याच टपरीवर निराळी वाक्ये ऐकू येऊ लागली : ‘माझी टीम वर आहे’, ‘तुझ्याकडे कोण आहे?’, ‘बुमराह माझ्याकडे नाही, त्याला विकेट मिळायला नको’. फँटसी क्रिकेट या खेळाविषयी काही क्रीडारसिकांच्या मनात जी नापसंती आहे, तिची कारणे सामान्यतः पैसा, व्यसन आणि जुगार या शब्दांत सांगितली जातात. ती कारणे खोटी नाहीत. परंतु नापसंतीचे मूळ तेथे नाही. ते वरील दोन वाक्यसमूहांमधील अंतरात, म्हणजे ‘आपण’ जाऊन त्या जागी ‘माझी’ येण्यात, आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय एवढाच आहे.

२

प्रथम या खेळाचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. फँटसी खेळांचा उगम अमेरिकेत झाला. १९६२ साली ओकलंडच्या फुटबॉल संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख यांनी काही सहकाऱ्यांसमवेत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात अशा खेळाचे नियम जुळवले. १९८० साली डॅनियल ओक्रेंट या लेखकाने न्यूयॉर्कमधील मित्रांच्या मेळ्यात बेसबॉलसाठी तशीच योजना आणली. खऱ्या खेळाडूंची नावे निवडून कागदावर स्वतःचा संघ बांधावयाचा आणि खऱ्या सामन्यांतील आकड्यांवरून त्या संघाचे गुण मोजावयाचे, ही त्यामागील कल्पना. हे खेळ एकमेकांस ओळखणाऱ्या दहा-बारा मंडळींत, सबंध मोसमभर चालत. त्यात थट्टा होती, मैत्री होती, आणि दीर्घकाळ एका संघाची निगा राखण्याचे एक प्रकारचे कर्तव्यही होते.

भारतात हा खेळ रूढ झाला तो निराळ्या स्वरूपात. ड्रीम इलेव्हन ही मुंबईची कंपनी हर्ष जैन व भावित शेठ यांनी २००८ साली स्थापन केली. इंडियन प्रीमियर लीगही त्याच वर्षी सुरू झाली. पुढे या व अशा इतर कंपन्यांनी जे रूप लोकप्रिय केले, त्यात मोसमाच्या जागी एक सामना आला, मित्रांच्या जागी लाखो अपरिचित आले, आणि प्रवेशशुल्क भरून बक्षीस मिळवण्याची सोय आली. दोन्ही संघांतील खेळाडूंमधून, शंभर ‘क्रेडिट’च्या मर्यादेत, अकरा नावे निवडावयाची, त्यांतील एकास कर्णधार करावयाचे, त्याचे गुण दुप्पट, एकास उपकर्णधार, त्याचे दीडपट. निवड दोन्ही बाजूंकडून झालीच पाहिजे, असा नियम. २०२० साली ही कंपनी इंडियन प्रीमियर लीगची मुख्य प्रायोजक झाली, आणि २०२३ साली तिचे नाव भारतीय संघाच्या गणवेशावर छातीशी आले. ज्या गणवेशाकडे पाहून ‘आपण’ म्हणावयाचे, त्याच्यावरच ‘माझी टीम’ विकणाऱ्याचे नाव, असा तो योग होता.

३

न्यायालयांत व विधिमंडळांत या खेळाविषयी जो वाद झाला, तो एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : हा कौशल्याचा खेळ की दैवाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात कौशल्यावर मुख्यतः अवलंबून असणाऱ्या स्पर्धा व जुगार यांत भेद केला. १९९६ साली लक्ष्मणन् प्रकरणात घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याच्या पक्षात बसवले. त्याच धाग्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयीचा कायदा संमत केला, आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य व दैव हा भेदच बाजूस सारून पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाईन खेळांना मनाई केली. मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा त्याबरोबर थांबवल्या. विनाशुल्क खेळ तेवढा उरला.

कौशल्य व दैव यांचा हा वाद आपल्या वाङ्मयास नवा नाही. महाभारतातील नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने व फळे एका दृष्टिक्षेपात मोजून सांगतो, आणि ती गणनविद्या व तिच्याशी निगडित असलेले अक्षहृदय नलास शिकवतो. त्या विद्येच्या बळावर नल गमावलेले राज्य परत जिंकतो. द्यूतात कौशल्य असते, हे त्या ग्रंथास पूर्णपणे ठाऊक होते. सभापर्वातील शकुनीही अकुशल नव्हता. तरी त्या द्यूताविषयी वाचकाच्या मनात जी उद्विग्नता उत्पन्न होते, ती फासे कुशलतेने पडले की दैवाने, यावरून होत नाही. भावांना व पत्नीला पणाला लावले गेले, यावरून होते. माणूस नात्यातून निघून पणाच्या वस्तूंत गेला, हे तेथील मर्म आहे.

फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग केले : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. न्यायालयांचा विचार पहिल्या दोन वर्गांपुरता होता. परंतु प्रेक्षकाचा अनुभव काय्वा यांनी तिसऱ्या वर्गात घातला आहे. प्रेक्षक खेळाडूशी मनाने एकरूप होतो, जणू त्याचे सोंग घेतो, आणि म्हणून आसनावर बसल्या जागी त्याचेही हात वळवळतात. रसिकाची तक्रार या तिसऱ्या वर्गातली आहे, आणि म्हणून कायद्याच्या भाषेत ती कधी नोंदलीच गेली नाही. कायदा विचारतो, ‘पैसे कशावर मिळाले?’ रसिक विचारतो, ‘तू कोणाच्या बाजूने पाहत होतास?’

४

रसिकास हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडता येत नसेलही. परंतु बोलणाऱ्यांच्या भाषेने तो आधीच मांडून ठेवला आहे. चार शब्द पाहिले तरी पुरे.

पहिला ‘लावणे’. हे मराठीतील अत्यंत व्यापक क्रियापद. झाड लावतात, दिवा लावतात, जीव लावतात. जत्रेच्या फडात पंच कुस्तीची जोड लावतात. फँटसी क्रिकेट खेळणारा ‘टीम लावली’ असे म्हणतो. येथे ‘लावणे’ कोणत्या अर्थाचे? निवड समितीने संघ निवडला असे म्हणतात. निवड समितीने टीम लावली असे कोणी म्हणत नाही. तेव्हा हे ‘लावणे’ झाडाचे नव्हे, कुस्तीच्या जोडीचेही नव्हे. ते ‘पैसे लावणे’ आणि ‘पणाला लावणे’ यांतले आहे. कंपन्यांचे वकील न्यायालयात ज्या क्रियेस ‘निवड’ म्हणत होते, तिला खेळणारे लोक आपापसांत सहजपणे दुसरेच क्रियापद वापरीत होते. साक्षीदाराचा हा कबुलीजबाब कोणी नोंदवून घेतला नाही, एवढेच.

दुसरा ‘-कडे’. मराठीत स्वामित्व दाखवण्याच्या रीती अनेक आहेत, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ‘त्याला दोन मुली आहेत’ हे नात्याचे स्वामित्व. ‘त्याच्याजवळ शंभर रुपये आहेत’ हे हाताशी असलेल्या वस्तूचे. ‘त्यांच्याकडे चार म्हशी आहेत, दोन माणसे कामाला आहेत’ हे बाळगलेल्या जनावरांचे व ठेवलेल्या माणसांचे. ‘माझ्याकडे बुमराह आहे’ हे वाक्य या तिसऱ्या जातीचे आहे. याउलट ‘आपला बुमराह’ हे नात्याच्या जातीचे. दोन्ही वाक्यांत एकच गोलंदाज आहे. पण एका वाक्यात तो घरचा आहे आणि दुसऱ्यात कामावर ठेवलेला.

तिसरा ‘गडी’. ‘चार गडी बाद एकशेवीस’ ही वृत्तपत्रांतील मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली रचना. कबड्डी-खोखोच्या मैदानावरून हा शब्द क्रिकेटमध्ये आला. ‘खेळगडी’ व ‘सवंगडी’ यांतला ‘गडी’ बरोबरीचा सोबती आहे. परंतु मराठवाड्याच्या शेतकरी घरांत ‘गडी’ म्हणजे कामावरचा माणूसही. गुढीपाडव्यास वर्षभराच्या बोलीवर ठरवला जाणारा तो ‘सालगडी’. मैदानावरचा सोबती आणि शेतावरचा चाकर हे दोन अर्थ एका शब्दात शतकानुशतके शेजारी राहिले, आणि संदर्भाने ते वेगळे ठेवले. फँटसी क्रिकेटने हा पडदा पातळ केला. क्रेडिटच्या बोलीवर एका सामन्यापुरता ठरवलेला खेळाडू हा सवंगड्यापेक्षा सालगड्याच्या अधिक जवळ आहे; किंबहुना सालगड्याशी वर्षभराचा तरी संबंध असतो, याच्याशी तीन-चार तासांचा. ‘आज पांड्याने मला काहीच दिले नाही’ हे वाक्य मालकाचे आहे. ‘पांड्याने तीस केल्या’ या वाक्यात खेळाडू कर्ता आहे आणि धावा त्याच्या आहेत. ‘मला दिले नाही’ म्हणताच फळाचा स्वामी बदलतो.

चौथा शब्द ‘कर्णधार’. कर्ण म्हणजे नौकेचे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. क्रिकेटच्या कर्णधारास हा शब्द शोभून दिसतो, कारण क्षेत्ररक्षणाची रचना, गोलंदाजीतील बदल, धीर देणे, डाव घोषित करणे, ही सारी वाऱ्याचा रोख ओळखून करावयाची कामे आहेत. फँटसी क्रिकेटच्या कर्णधारास यांतले काहीही करावयाचे नसते. तो केवळ गुणाकाराचे चिन्ह आहे. सुकाणूही नाही आणि नौकाही नाही. उरले ते दोनने गुणणे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. क्रिकेटचा रसिक स्वतःच आकड्यांचा भक्त असतो. सरासऱ्या, शतके, बळी यांची पाठांतरे त्यानेच केली. मग आकड्यांच्याच खेळास त्याने नाक मुरडावे, हे ढोंग नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर महाराष्ट्राच्या क्रिकेटमध्येच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा तेव्हाचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर आला असता विश्रांतीच्या वेळी काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला, आणि तो डाव तेथेच थांबला. २०११-१२ च्या मोसमात जालन्याच्या विजय झोलने एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. पुढे २०१४ च्या युवा विश्वचषकात त्याने भारताचे नेतृत्व केले. या दोन डावांचा दर्जा एक नाही, आणि त्यांची तुलनाही अभिप्रेत नाही. मुद्दा आकड्याचा आहे. ४४३ हा आकडा उच्चारताच प्रतिस्पर्ध्याची माघार आणि हुकलेल्या नऊ धावा आठवतात; ४५१ म्हणताच जिल्ह्याच्या गावातून आलेल्या एका मुलाचे नाव आठवते, आणि जालनेकराने त्यास ‘आपला’ म्हणावे हे स्वाभाविकच ठरते. रसिकाच्या आकड्यात सामना साठवलेला असतो. आकडा ही त्याची आठवण ठेवण्याची रीत आहे.

फँटसीच्या गुणांत याच्या नेमके उलट घडते. तेथे सामना गाळून आकडा काढला जातो. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊन येथे विसाव्या षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने मारलेला फटका सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने झेलला, तोल जाताच चेंडू आत उडवला, स्वतः रेषेबाहेर जाऊन परत आत आला आणि झेल पुरा केला. भारत सात धावांनी जिंकला. फँटसीच्या कोष्टकात या झेलाची किंमत कोणत्याही झेलाएवढीच : निर्णय लागून गेलेल्या सामन्यात सरळ हातात आलेल्या चेंडूस जितके गुण, तितकेच यास. दोष कोष्टक करणाराचा नाही. प्रसंगाचे मोल बावीस खेळाडूंच्या परस्परसंबंधात असते, आणि कोष्टकास प्रत्येक खेळाडू सुटा हवा असतो. भाषेच्या अभ्यासकास हे नवे नाही. वाक्यातून शब्द सुटे काढून त्यांची वारंवारता मोजता येते; ती उपयोगीही असते; परंतु ती मोजदाद म्हणजे वाक्याचा अर्थ नव्हे. मिलरचा झेल हे एका मोठ्या वाक्याचे क्रियापद होते. कोष्टकाने ते शब्दसूचीत टाकले.

म्हणून नापसंत करणारा रसिक आकड्यांचा द्वेष्टा नाही. संदर्भापासून तोडलेल्या आकड्याविषयी त्याची तक्रार आहे, आणि ही तक्रार ‘आपण’च्या तक्रारीहून वेगळी नाही. सामन्याचा अर्थ सर्वांस मिळून लागतो. सुट्या गुणांची बेरीज ज्याची त्याला करावी लागते. टपरीवर एका फळीवर बसलेले चौघे एकाच पडद्याकडे पाहत असतात, परंतु प्रत्येकाच्या मुठीत निराळा सामना असतो. एकाच चेंडूवर एक हसतो, दुसरा कपाळास हात लावतो, आणि दोघांच्याही भावनेचा भारताच्या जयापजयाशी संबंध असेलच असे नाही. रेडिओच्या काळात बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकताना रेडिओ एकाचा असे आणि उसासा सर्वांचा. येथे उसासे वाटून घेतले गेले आहेत.

६

तथापि एवढ्यावर निर्णय दिला तर तो एकांगी होईल. फँटसी क्रिकेटच्या बाजूने दोन गोष्टी सांगावयास हव्यात. त्यांतील दुसरी गंभीर आहे.

पहिली ज्ञानाची. या खेळामुळे अनेकांनी दुय्यम सामने पाहिले, अपरिचित गोलंदाजांची कामगिरी तपासली, खेळपट्टी व हवामान यांचा विचार केला. ज्याला पूर्वी तीन फलंदाजांपलीकडे नावे येत नसत, त्याला प्रतिस्पर्धी संघाचा नववा खेळाडूही माहीत झाला. हे ज्ञान लोभातून आले म्हणून ते ज्ञान नव्हे, असे म्हणणे अहंकाराचे होईल. रसिकाच्या नापसंतीत ‘नवशिक्यांनी आमच्या अंगणात गर्दी केली’ असा एक सूर असतो. तो मान्य करून बाजूस ठेवला पाहिजे. क्रिकेट पूर्वी निष्पाप होते, हा समजही टिकणारा नाही. २००० साली उघडकीस आलेले सामनेनिश्चितीचे प्रकरण आणि २०१३ सालचे प्रीमियर लीगमधील प्रकरण, ही फँटसीच्या भरभराटीपूर्वीची आहेत. आणि खेळाडूंचा लिलाव २००८ पासून रसिकांनीच मिटक्या मारीत पाहिला आहे.

दुसरी गोष्ट ‘आपण’ या सर्वनामासंबंधीच आहे. सामावून घेणारे सर्वनाम कोणास सामावून घेते, हे ते स्वतः सांगत नाही. ते बोलणारा ठरवतो. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तानने भारतास दहा गडी राखून हरवले, तेव्हा मोहम्मद शमीवर समाजमाध्यमांतून त्याच्या धर्मावरून गलिच्छ टीका झाली. कर्णधार विराट कोहलीने त्या टीकेचा जाहीर धिक्कार केला. ज्याला काल ‘आपला शमी’ म्हटले, त्याला पराभवाच्या रात्री ‘आपण’मधून बाहेर काढणारे हात चाहत्यांचेच होते. त्यांच्या तुलनेने फँटसी खेळणारा निःपक्षपाती म्हणावा लागेल; तो खेळाडूचा धर्म पाहत नाही, देश पाहत नाही, गुण पाहतो. ‘माझी टीम’ कोरडी असेल, पण तिच्यात विष नाही. ‘आपण’ची बाजू मांडणाराने हा हिशेब चुकवता कामा नये.

परंतु निःपक्षपाताचे दोन प्रकार असतात. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारतास बारा धावांनी हरवले. सचिन तेंडुलकरच्या १३६ धावांनंतर विजय हाताशी येऊन निसटला होता. त्या पराभवानंतर प्रेक्षकांनी उभे राहून विजयी पाकिस्तानी संघास टाळ्या दिल्या, आणि त्या संघाने मैदानास फेरी घातली. त्या टाळ्यांत कोणाचेही गुण वाढत नव्हते. ‘आपण हरलो’ हे पूर्णपणे सोसून मग प्रतिस्पर्ध्यास दिलेली ती दाद होती. आणि सोसले नसते, तर त्या दादेस अर्थ राहिला नसता. फँटसी खेळणारा पाकिस्तानी गोलंदाजाच्या बळीने आनंदतो, कारण तो गोलंदाज ‘त्याच्याकडे’ आहे. चेपॉकचा प्रेक्षक आनंदला नाही; त्याने मान दिला. एक निःपक्षपात पक्ष नसल्याने येतो, दुसरा पक्ष असूनही येतो. पहिल्यास हिशेब पुरतो. दुसऱ्यास रसिकता लागते. ‘आपण’मधील विषावर उतारा ‘माझी’ हा नव्हे. ‘आपण’ अधिक रुंद करणे हा आहे.

७

२०२५ च्या कायद्याने पैशाचा प्रश्न हाती घेतला, आणि ज्या घरांतून पगार व पिकाचा पैसा या मार्गाने गेला, त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न लहान नव्हता. परंतु रसिकाच्या नापसंतीचे मूळ जर वर सांगितले तसे असेल, तर पैसा काढून घेतल्याने ते मूळ निघत नाही. विनाशुल्क खेळातही ‘तुझ्याकडे कोण?’ हा प्रश्न तसाच राहतो. सर्वनामे कायद्याने बदलत नाहीत. ती बदलतात ती एकत्र पाहण्याच्या सवयीने. आणि सवय जशी मोडते तशी पुन्हा जडूही शकते.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात आशिया चषकासाठी भारतीय संघ उतरला, तेव्हा प्रायोजकाचे नाव गेलेले होते. छातीवर केवळ देशाचे नाव होते. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शेफाली वर्माने ८७ धावा काढल्या व दोन बळी घेतले. दीप्ती शर्माने ५८ धावा व पाच बळी अशी दुहेरी कामगिरी केली. भारत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ५२ धावांनी जिंकला आणि महिलांचा विश्वचषक प्रथमच भारतात आला. फँटसीच्या कोष्टकात त्या रात्री दीप्ती शर्मा सर्वांत मोलाची ठरली असती. परंतु ‘दीप्ती कोणाकडे होती?’ या प्रश्नाने त्या रात्रीचे काहीच सांगून होत नाही. त्या रात्रीस साजणारे मराठी वाक्य तीनच शब्दांचे आहे : ‘आपल्या पोरी जिंकल्या.’ त्यातील पहिल्या शब्दात बोलणारा आहे, ऐकणारा आहे, आणि मैदानावरच्या अकरा जणीही आहेत. फँटसी क्रिकेट ज्यांना आवडत नाही, त्यांना जपावयाचा आहे तो हा शब्द.